हुबेहूब म्हणजे गिरवलेलं नव्हे

हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये एखादं पात्र खऱ्या माणसासारखं चाललं, खुर्चीत बसताना त्याच्या अंगाचं ओझं जाणवलं, की प्रेक्षकांतून हमखास निकाल येतो : ‘हे रोटोस्कोप आहे. आधी माणसाचं शूटिंग केलं आणि मग त्यावरून गिरवलं.’ हा निकाल फक्त हौशी प्रेक्षक देतात असंही नाही. फिल्म सोसायटीतल्या चर्चेत, परीक्षणांत, ॲनिमेशनच्या वर्गांत तो इतक्या सहज दिला जातो, की त्याला पुरावा मागावा असं कुणाच्या मनात येत नाही. तो मागायला हवा. या एका वाक्याने कुणीतरी वर्षानुवर्षं खपून केलेलं काम कॅमेऱ्याच्या नावावर जमा होतं, आणि ज्यांनी खरोखर रोटोस्कोप वापरला त्यांनी नेमकं काय केलं, तेही झाकलं जातं.

आधी पूर्वपक्ष मांडू. तो पोकळ नाही, त्यामुळे त्याला पुरेशी जागा दिली पाहिजे.

मॅक्स फ्लायशर या अमेरिकी चित्रकाराने १९१५ मध्ये रोटोस्कोपच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९१७ मध्ये ते त्याला मिळालं. यंत्र साधं होतं. चित्रीकरणाची फिल्म प्रोजेक्टरमध्ये घालायची, तिची एकेक फ्रेम दुधी काचेवर पाडायची, काचेवर कागद ठेवून आकृती गिरवायची, मग पुढची फ्रेम. मॅक्सचा भाऊ डेव्ह विदूषकाचा पोशाख घालून कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि त्याच्या हालचालींतून पुढे कोको हा विदूषक पडद्यावर आला. त्या काळातल्या इतर व्यंगपटांतली पात्रं अडखळत हलत असताना कोको मात्र अंगात हाडं-स्नायू असल्यासारखा हलत होता. हा फरक डोळ्यांत भरणारा होता. पूर्वपक्षाचा पहिला मुद्दा हाच : जिवंत हालचाल ॲनिमेशनमध्ये आली ती या यंत्राने. दुसरा मुद्दा असा, की वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओनेही ‘स्नो व्हाइट’पासून (१९३७) नटांचं चित्रीकरण केलं; जिथे जगातला सर्वांत कसलेला स्टुडिओ आधार घेतो, तिथे बाकीच्यांची काय कथा? तिसरा मुद्दा सर्वांत भारी आहे. माणसाच्या हालचालीत एकाच वेळी इतक्या गोष्टी घडतात की त्या मनाने रचणं अशक्य. वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं, खांदा सैल पडतो, मान किंचित मागे राहते. हे सगळं पडद्यावर दिसत असेल तर ते कुठून तरी उतरवलेलंच असणार.

आपल्याकडच्या नैयायिकांनी अशा अनुमानाची परीक्षा कशी करायची, ते फार पूर्वी ठरवून ठेवलं आहे. पर्वतावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान टिकतं, कारण जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी अशी व्याप्ती आहे. एक जरी जागा अशी सापडली की जिथे धूर आहे पण अग्नी नाही, तर हेतू व्यभिचारी ठरतो आणि अनुमान कोसळतं. इथे हेतू आहे हुबेहूबपणा आणि सिद्ध करायचं आहे रोटोस्कोप. तेव्हा प्रश्न एवढाच, की हुबेहूबपणा आहे पण गिरवलेलं नाही अशी उदाहरणं सापडतात का?

सापडतात, आणि तीही अगदी सुरुवातीपासून. विन्झर मॅके हा वृत्तपत्रांत चित्रमालिका काढणारा चित्रकार. त्याने १९१२ मध्ये डासाची एक छोटी चित्रफीत केली. हा डास तारांना बांधून नाचवला आहे असं लोकांना वाटलं, असं मॅके सांगत असे. पुढे १९१४ मध्ये त्याने गर्टी ही डायनोसॉर काढली, तेव्हा ज्याचा फोटो काढताच येणार नाही असा प्राणी त्याने जाणूनबुजून निवडला होता. गर्टी श्वास घेते, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकते, लाडात येते, रडते. फ्लायशरच्या पेटंटचा अर्ज तेव्हा दाखलही व्हायचा होता. म्हणजे रोटोस्कोप जन्मण्याच्या आधीपासूनच, चित्र नीट हललं की लोक त्यामागे काहीतरी युक्ती शोधत होते.

याच मॅकेने १९१८ मध्ये ‘द सिंकिंग ऑफ द लुसिटानिया’ पूर्ण केला. ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने लुसिटानिया हे प्रवासी जहाज बुडवलं आणि सुमारे १,२०० माणसं गेली. त्या बुडण्याची एक फूटही फिल्म नव्हती, म्हणूनच मॅकेने ती घटना काढायला घेतली. चित्रपटातच सांगितलेला आकडा २५,००० चित्रांचा आहे. जहाज कलतं, धुराचे लोट एकमेकांत शिरून वर चढतात, माणसं दोरांवरून घसरून पाण्यात पडतात, लाटा त्यांना उचलतात. त्या काळच्या वृत्तपटाशी गल्लत व्हावी इतकं हे गंभीर आणि खरं वाटतं. गिरवायला काहीच नव्हतं, आणि तरी हे घडलं. पूर्वपक्षाच्या व्याप्तीला पहिलं खिंडार इथेच पडतं.

पुढची उदाहरणं पाहा. खुद्द फ्लायशर बंधूंनी १९४१ मध्ये ‘सुपरमॅन’च्या चित्रफिती सुरू केल्या. रोटोस्कोपचा शोधकच निर्माता असल्यामुळे या फिती सर्रास त्याच्या खात्यावर मांडल्या जातात. पण ज्या दृश्यांनी प्रेक्षक थक्क होतात ती आठवा : आकाशात झेपावणारा, कलंडणारी इमारत सावरून धरणारा, समोरून येणाऱ्या किरणाला ठोसे मारणारा माणूस. याचं चित्रीकरण करणार कोण आणि कुठे? ‘जिन-रो’ (१९९९) हा जपानी चित्रपट तर या गैरसमजाचं नेहमीचं लक्ष्य आहे. त्याचा दिग्दर्शक हिरोयुकी ओकिउरा हा मुळात ॲनिमेटर, ‘अकिरा’वर (१९८८) काम केलेला. जड बख्तर घातलेले सैनिक भुयारी गटारांतून चालतात तेव्हा त्यांच्या प्रत्येक पावलाला वजन आहे. त्याच चित्रपटात दोन माणसं नुसती शेजारी उभी राहून बोलतात तेव्हाही ती ‘उभी’ असतात, कागदावर चिकटवलेली नसतात. हे हाताने काढलेलं आहे, आणि ते काढणारी माणसं जपानमध्ये नावाने ओळखली जातात. रिचर्ड विल्यम्सने ऐंशी ओलांडल्यावर ‘प्रोलॉग’ (२०१५) हा पेन्सिलीने कागदावर काढलेला सहा मिनिटांचा लघुपट पूर्ण केला. ग्रीक योद्धे एकमेकांना भिडतात, आणि पाहणाऱ्याची नजर त्यांच्याभोवती फिरत राहते, तशी प्रत्येक चित्रात शरीरं नव्या कोनातून बांधलेली. ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलेलं हे काम पाहूनही कुणी ‘शूटिंग केलं असेल’ म्हणतो, तेव्हा मला वाईट वाटतं.

नैयायिक आणखी एक गोष्ट सांगतात. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. म्हणून धूर नाही यावरून अग्नी नाही असं म्हणता येत नाही. पूर्वपक्षाचे लोक नेमकं हेही म्हणतात : ‘यात काही हुबेहूब नाही, म्हणजे हा रोटोस्कोप नव्हे.’ त्यावर माझं उत्तर एक वॉलरस आहे. फ्लायशरच्या ‘मिनी द मूचर’ (१९३२) या बेटी बूप नावाच्या कार्टून-नायिकेच्या फितीची सुरुवात कॅब कॅलोवे आणि त्याच्या वाद्यवृंदाच्या खऱ्या चित्रीकरणाने होते. कॅलोवे जागच्या जागी घसरल्यासारखा नाचतो, गुडघे सैल, हात लांबवलेले. थोड्या वेळाने गुहेत भुताटकीचा वॉलरस येतो आणि तोच नाच नाचतो. मूळ नर्तक आणि गिरवलेली प्रत एकाच फितीत पाहायला मिळतात, हा पुरावा दुर्मीळ आहे. वॉलरसला हुबेहूब कोण म्हणेल? पण रोटोस्कोप आहे तो तिथेच. पुढच्या वर्षीच्या फ्लायशर ‘स्नो-व्हाइट’मध्ये (१९३३) कॅलोवेच्या चालीवर कोकोचं भूत चालतं. चालताना त्याचे पाय लांबच लांब होतात, मध्येच तो घड्याळाच्या साखळीला लटकलेलं नाणं बनतो, मध्येच बाटली. चाल गिरवलेली आणि रूपांतरं मनाची. एकाच दृश्यात दोन्ही कशी गुंफली आहेत, ते पाहिलं की ‘हा चित्रपट रोटोस्कोप आहे की नाही’ हा प्रश्नच चुकीचा वाटू लागतो.

अलीकडचं उदाहरण २०१३ च्या ‘आकु नो हाना’ या जपानी मालिकेचं. दिग्दर्शक हिरोशी नागाहामाने सगळी मालिका आधी नटांवर चित्रित केली आणि मग त्यावरून चित्रं काढून घेतली. हालचाल ओबडधोबड आहे, माणसं थोडी दूर गेली की चेहऱ्यावरचे नाक-डोळे विरून जातात. मूळच्या चित्रकथेतली देखणी पात्रं पाहण्याची सवय असलेले प्रेक्षक बिथरले. ‘गिरवलं की गुळगुळीत होतं’ ही समजूत याच मालिकेपुढे उभी करून पाहावी. रिचर्ड लिंकलेटरच्या ‘वेकिंग लाइफ’मध्ये (२००१) तर भिंती, चेहरे, टेबलं सतत डुलत असतात आणि दृश्यागणिक चित्रशैली बदलते. सगळं गिरवलेलं आहे, आणि हुबेहूब काहीच नाही.

आता पूर्वपक्षाचा तिसरा, भारी मुद्दा : माणसाची हालचाल मनाने रचता येत नाही. हा मुद्दा ज्यांनी ॲनिमेटरच्या टेबलाशी बसून पाहिलेलं नाही, त्यांना पटतो. टेबलावरचा पेला कडेवरून ढकलला गेला असं समजा. टेबल पाऊण मीटर उंच. पेला खाली पोचायला साधारण ०.३९ सेकंद लागतात. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर नऊ-दहा फ्रेम. या फ्रेममधली अंतरं सारखी नसतात. पहिल्या फ्रेममध्ये जेवढं अंतर कापलं त्याच्या तिप्पट दुसऱ्यात, पाचपट तिसऱ्यात, सातपट चौथ्यात. हे गॅलिलिओपासून ठाऊक असलेलं गणित आहे आणि ॲनिमेटर ते हातात मुरवतो. ठळक स्थितींची चित्रं आधी काढली जातात, त्यांना की म्हणतात; मधली वळणाची चित्रं म्हणजे ब्रेकडाउन. किच्या कडेला एक उभी रेघ आणि तिच्यावर आडव्या खुणा असतात. खुणा दाट तिथे हालचाल संथ, विरळ तिथे वेगवान. पेला पडताना वरच्या टोकाला खुणा दाट असतात आणि खाली विरळ होत जातात. याला टायमिंग चार्ट म्हणतात. माणसाच्या चालण्यालाही असाच हिशेब असतो : नेहमीच्या चालीत एक पाऊल साधारण १२ फ्रेमचं, थकलेला माणूस जास्त फ्रेम घेतो, घाईतला कमी. पाय टेकल्यावर शरीर आधी खाली जातं, मग पुढे सरकताना वर उचललं जातं. कंबर आधी वळते, खांदे मागून येतात. ॲनिमेटर हे आरशात स्वतःला पाहून, स्टॉपवॉच हातात घेऊन, नग्न मॉडेलसमोर वर्षानुवर्षं रेखाटनं करून शिकतो. एडवर्ड मायब्रिजने १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेले चालत्या-धावत्या माणसांचे आणि जनावरांचे ७८१ फलकही तो अभ्यासतो. पण पाहून शिकणं वेगळं आणि त्यावर कागद ठेवणं वेगळं. बालगंधर्वांची तान ऐकून शिकलेल्या गायकाला कुणी ध्वनिमुद्रिका वाजवणारा म्हणत नाही.

‘बॅम्बी’साठी (१९४२) डिस्नेने स्टुडिओत हरणाची पाडसं आणून ठेवली आणि रिको लब्रून या चित्रकाराकडून प्राण्यांच्या शरीररचनेचे वर्ग घेतले. हरणाचा गुडघा वाटतो तो गुडघा नव्हे, घोटा आहे; खांद्याचं पातं छातीच्या बाजूने सरकतं; या गोष्टी कॅमेरा शिकवत नाही. त्या चित्रपटावर काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आले. जी. के. गोखले, राम मोहन ही मंडळी त्या विभागात होती, आणि १९५७ मध्ये तिथून ‘द बॅनियन डीअर’ हा जातककथेवरचा लघुपट निघाला. म्हणजे आपल्याकडच्या ॲनिमेशनची पहिली संस्थात्मक शिकवणी या परंपरेशी जोडलेली आहे.

उरला डिस्नेचा दाखला. ‘स्नो व्हाइट’साठी मार्ज बेल्चर या तरुण नर्तकीचं चित्रीकरण झालं, फिल्मच्या फ्रेम कागदावर मोठ्या करून ॲनिमेटरांना दिल्या गेल्या, अगदी त्यांच्या टेबलावरच्या खुंट्यांना बसतील अशी छिद्रं पाडून. काही ठिकाणी त्या जवळजवळ तशाच गिरवल्याही गेल्या. इथवर पूर्वपक्ष बरोबर आहे. पण पुढचं तो सांगत नाही. स्नो व्हाइटचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आहे, कंबर आणि हात-पाय वेगळ्या प्रमाणात आहेत. त्या नर्तकीच्या फोटोवर कागद ठेवला तर हे पात्र निघतच नाही, ते प्रत्येक चित्रात पुन्हा बांधावं लागतं. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या दोन मुरब्बी ॲनिमेटरांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात हा अनुभव सविस्तर मांडला आहे : जसंच्या तसं गिरवलं की हालचाल खरी वाटायची, पण पात्रातला जीव जायचा, म्हणून चित्रीकरणातलं काय ठेवायचं, काय वाढवायचं आणि काय टाकून द्यायचं हे त्यांना शिकावं लागलं. याच मार्जच्या हालचाली ‘फँटेशिया’तल्या (१९४०) नाचणाऱ्या पाणघोडीसाठीही पाहिल्या गेल्या. पाणघोडी सडपातळ नर्तकीवरून गिरवता येते का, याचं उत्तर ज्याचं त्याने द्यावं. संदर्भ घेणं आणि गिरवणं यांत मोठं अंतर आहे, आणि डिस्नेचं बहुतेक काम त्या अंतरात कुठेतरी मध्ये बसतं.

तर मग ओळखायचं कसं? माझं उत्तर असं आहे : हालचाल खऱ्यासारखी आहे का, हे पाहू नका; त्या हालचालीत निवड दिसते का, ते पाहा. कॅमेरा समोर असेल ते सगळं टिपतो. हाताने रचणारा प्रत्येक गोष्ट मुद्दाम घालतो, कारण प्रत्येक गोष्टीला त्याला एक जास्तीचं चित्र काढावं लागतं.

सदऱ्याच्या बाहीवरची एक चुणी घ्या. पात्र हात वर करतं. रचून काढणाऱ्याला ठाऊक असतं की कापड खांद्यापासून आणि कोपरापासून ताणलं जातं. म्हणून त्याची चुणी कोपरापाशी उगवते, हात वर जाताना लांबते आणि खांद्याकडे सरकत विरते. चित्रामागून चित्र पाहिलं तर तिचा प्रवास कळतो. गिरवणाऱ्यासमोर मात्र फोटो असतो. चौदाव्या फ्रेममध्ये प्रकाशामुळे एक काळी रेघ दिसली, त्याने ती काढली. पंधराव्यात ती थोडी बाजूला. सोळाव्यात कापड फिरलं, रेघ गेली. सतराव्यात तीन नव्या उगवल्या. पडद्यावर ही बाही आतून उकळत असल्यासारखी दिसते. बाक्षी या अमेरिकी दिग्दर्शकाच्या, गिरवून काढलेल्या ‘अमेरिकन पॉप’मध्ये (१९८१) कोट, पँट, बाह्यांकडे पाहत राहा, ही उकळी वारंवार भेटेल.

दुसरी जागा थांबण्याची. खरा माणूस कधी पूर्ण थांबत नाही. उभा असला तरी डोलतो. गिरवलेलं पात्र उभं राहिलं की रेघ थरथरत राहते, किंवा ती थरथर नको म्हणून एकच चित्र रोखून धरलं जातं आणि क्षणापूर्वी डोलणारा माणूस एकदम दगड होतो. हा सांधा फार बोलका असतो. रचलेल्या ॲनिमेशनमध्ये थांबणं आधीपासून ठरलेलं असतं. पात्र स्थितीत येतं, तिच्या किंचित पुढे जातं, मागे येऊन स्थिरावतं. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ (१९३९) हा फ्लायशरांचा चित्रपट याचा उत्तम धडा आहे, कारण त्यात एकाच चौकटीत दोन्ही प्रकार आहेत. गलिव्हर नटावरून गिरवलेला. गॅबी आणि इतर लिलिपुटवासी मनाने रचलेले. गलिव्हरचा हात एका हावभावातून दुसऱ्यात वाहत जातो, कुठे ठाम थांबत नाही; गॅबी थांबतो, उसळतो, पुन्हा थांबतो. गलिव्हर जास्त खरा आहे. जास्त जिवंत कोण, हे मात्र पाहणाऱ्याने स्वतः ठरवावं. माझं मत गॅबीकडे आहे.

तिसरी जागा पायाखालची. गिरवलेली आकृती ज्या जमिनीवर चालली ती जमीन स्टुडिओतली. पडद्यावरची जमीन चित्रकाराने रंगवलेली. दोन्हींचा दृष्टिकोन आणि भिंगाचं अंतर जुळलं नाही की पाय सरकतो, टाच हवेत तरंगते. शिवाय कॅमेऱ्याची उघडीप साधारण एक अठ्ठेचाळीसांश सेकंदाची असते, म्हणून झटकन फिरलेला हात फोटोत पुसट येतो. गिरवणाऱ्याला त्या पुसट डागात बोटं कुठे आहेत, याचा अंदाज करावा लागतो, आणि वेगवान हालचालींत त्याची बोटं अनेकदा गोंधळलेली दिसतात. रचणारा तिथे लांबट ताणलेलं एखादं चित्र मुद्दाम घालतो.

यातली कोणतीही एक खूण पुरेशी नाही, हे मी आधीच सांगून टाकतो, नाही तर पूर्वपक्षाची चूक मी दुसऱ्या टोकाने करीन. थरथरणारी रेघ बिल प्लिम्प्टनच्या ‘युअर फेस’मध्येही (१९८७) आहे, आणि तिथे चेहरा वितळतो, पिळतो, स्वतःला गिळतो, त्याचं चित्रीकरण कोणत्या माणसावर होणार? उलट ओकिउरासारखा कसलेला ॲनिमेटर अनावधानाने होणाऱ्या बारीक हालचाली, चुकीच्या वेळी मिटलेली पापणी, अर्धवट सोडलेला हावभाव, मुद्दाम रचतो. म्हणून तीन-चार खुणा एकाच दृश्यात एकत्र आल्या तरच मत द्यावं, आणि तेही त्या दृश्यापुरतं. बाक्षीच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये (१९७८) काही आकृत्या नीट गिरवून रंगवलेल्या आहेत, तर काही ठिकाणी चित्रीकरणच गडद करून वर रंग चढवला आहे; एका चित्रपटाला एकच बिल्ला लावणं तिथे निरर्थक आहे. डोळ्यांच्या पलीकडचा निर्णायक पुरावा कागदांचा असतो. किची चित्रं, त्यांच्या कडेचे टायमिंग चार्ट, कुठलं चित्र किती फ्रेम धरायचं ते नोंदणारी एक्स-शीट, पेन्सिल टेस्ट. जपानी चित्रपटांची मूळ चित्रं पुस्तकरूपाने छापली जातात. चार्टवर दाट-विरळ खुणा दिसल्या की वाद संपतो, कारण गिरवणाऱ्याला अंतरं ठरवावी लागत नाहीत. ती फिल्मनेच ठरवलेली असतात.

मुंबई-पुण्याच्या व्हीएफएक्स स्टुडिओंत शेकडो मराठी मुलं-मुली आज रोटोचं काम करतात. परदेशी चित्रपटांतल्या नटांची कडा फ्रेममागून फ्रेम कातरून मॅट, म्हणजे आकृती पार्श्वभूमीपासून वेगळी करणारा मुखवटा, बनवणं, हे त्यांचं रोजचं काम. कॅमेऱ्याने टिपलेल्या खऱ्या शरीराची कडा कशी डोलते, केसांच्या बटा कशा अनियमित उडतात, पुसट हात किती फ्रेम पुसट राहतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. या वादात त्यांनी बोलायला हवं. ‘जिन-रो’ची दहा सेकंदं त्यांनी फ्रेमवार उलगडून पाहिली, तर प्राध्यापकांच्या व्याख्यानापेक्षा जास्त उजेड पडेल.

पूर्वपक्षाच्या मागे एक न बोललेला तुच्छतेचा सूरही असतो : रोटोस्कोप म्हणजे कॉपी. तोही मला मान्य नाही. ‘लव्हिंग व्हिन्सेंट’मध्ये (२०१७) नटांच्या चित्रीकरणावरून सव्वाशे चित्रकारांनी सुमारे ६५,००० फ्रेम तैलरंगांत रंगवल्या. फोटोतल्या प्रत्येक रंगछटेला व्हॅन गॉगच्या फटकाऱ्यात बसवायचं म्हणजे प्रत्येक वेळी काय टिपायचं आणि काय सोडायचं, याचा निर्णय घ्यावा लागतो. वॉलरसच्या अंगात कॅलोवेचा नाच भरणाऱ्यानेही असाच निर्णय घेतला होता. वाईट रोटोस्कोप म्हणजे निर्णय न घेता गिरवलेला. चांगल्या रोटोस्कोपमध्ये निवड असते, जशी ती चांगल्या रचलेल्या ॲनिमेशनमध्ये असते. म्हणून माझं भांडण रोटोस्कोपशी नाहीच. ते त्या निकालाशी आहे, जो दोघांचंही श्रेय एका यंत्राला देऊन मोकळा होतो.

परीक्षण लिहिणाऱ्यांना, शिकवणाऱ्यांना, आणि खेळ संपल्यावर दिवे लागताच निकाल सांगणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. ‘हे रोटोस्कोप आहे’ असं म्हणायचं असेल तर कोणतं दृश्य आणि कोणत्या खुणांवरून, हे सांगा. ते सांगता येत नसेल तर श्रेयनामावली वाचा, की-ॲनिमेटर म्हणून ज्यांची नावं आली आहेत ती लक्षात ठेवा, आणि तोवर ते काम त्यांचंच आहे असं धरून चाला.